अंघोळ घालण्याचा खर्च

आरोग्यविम्याच्या पॉलिसीत शेवटी वगळलेल्या बाबी दिलेल्या असतात. त्यांत विमा नियामकाने शब्द ठरवून दिलेलं एक कलम सहसा असतंच: अंघोळ, कपडे घालणं, हिंडणंफिरणं यांसाठीची मदत, मग ती घरी असो की संस्थेत, परिचारिकेची असो की साध्या मदतनिसाची, विम्यातून मिळणार नाही. स्मृतिभ्रंशाच्या निदानानंतर माझ्या आईला नेमकी एवढीच मदत लागत होती. 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतचं 5 लाखांचं कवच आहे. तेही रुग्णालयात भरती झाल्यावरचं. म्हातारपण मात्र बहुतांशी रुग्णालयाबाहेरच काढावं लागतं.

मग पैसा आणायचा कुठून? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जास्तीत जास्त 30 लाख ठेवता येतात. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500 रुपये. पुण्यातल्या ज्या संस्थेत आईची सोय होणार होती, तिथे महिन्याचे 45,000 सांगितले होते. दरवर्षी आठ टक्के वाढ धरली, तर नऊ वर्षांत ही रक्कम दुप्पट होते. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाने हे अंतर थोडंसंच भरतं.

राहिलं घर. रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे राहतं घर गहाण ठेवून बँकेकडूनच दरमहा पैसे घ्यायचे, ही सोय 2007 च्या अर्थसंकल्पातून आली. पण ती त्या घरात राहणाऱ्यासाठी. घर कायमचं सोडून शुश्रूषेच्या संस्थेत गेलात, की कर्ज वसुलीला येतं! ज्यासाठी पैसे हवेत, नेमकं तेच केल्यावर ते थांबतात. त्यामुळे फ्लॅट भाड्याने देणं किंवा विकणं, एवढंच उरतं.

आणि दोन्हींना आईची सही लागते. माझ्या मते सगळ्या नियोजनाचा कणा हाच आहे, आणि घरोघरी याच्याबद्दलच गैरसमज आहे. ‘कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय’ असं लोक निर्धास्तपणे सांगतात. करार कायद्याच्या कलम 201 नुसार, ते लिहून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की तो अधिकारही संपतो. म्हणजे कागद निरुपयोगी होतो तो गरजेच्याच वेळी. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घेता येत असे. 2017 च्या नव्या कायद्यात उपचारांपुरता प्रतिनिधी आहे, मालमत्तेची ती तरतूद गेली. मग मुलांना पालक म्हणून नेमणूक मागायला उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं.

निदान लवकर झालं, तर समज शाबूत असतानाचे काही महिने हाती असतात. आम्ही त्यातच डॉक्टरांचा दाखला घेऊन भाडेकरार, संयुक्त खातं आणि मृत्युपत्र उरकलं. घर मुलांच्या नावे करायचा सल्ला नातेवाइकांनी दिला होता. तसं करायचंच असेल, तर बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट स्पष्ट लिहावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 त्या अटीवर उभं आहे. याच कायद्याने मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा महिना 10,000 आहे. ती वरच्या 45,000 शेजारी ठेवून पाहावी.

संस्थेशी करार करताना आम्ही चारच गोष्टी लेखी मागितल्या. डायपर आणि भरवणं सुरू झाल्यावर दर किती होणार, अनामत कधी परत मिळणार, रुग्णालयात असतानाच्या दिवसांचं भाडं लागणार का, आणि रात्री एका मदतनिसाकडे किती जण असतात. चौथ्याचं उत्तर मिळायला तीन आठवडे लागले.