घर बदलताना फाईल टेम्पोत टाकू नका



मागच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या आरोग्य शिबिरात एक काकू आल्या. सोबत काका. काकांचा रक्तदाब मोजला तर १७० वर १००. "गोळ्या घेता ना काका?" असे विचारल्यावर ते काही बोलले नाहीत. काकूच म्हणाल्या, "सिस्टर, तीन आठवडे झाले, गोळ्याच नाहीत. घर बदललं. ह्यांचा दवाखाना तिकडं राहिला, आम्ही इकडं आलो."

काका फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. उंच डोंगरातल्या पोस्टिंगमध्ये गुडघा गेला, कानानेही कमी ऐकू येते. सुटताना मेडिकल बोर्डाने अपंगत्व ३० टक्के धरले, पण "सेवेशी संबंध नाही" असा शेरा मारला. त्या शेऱ्यामुळे अपंगत्व पेन्शन नाकारली गेली. काकांनी मुदतीत पहिले अपील केले आणि निकालाची वाट पाहत बसले. तेवढ्यात वस्ती पुनर्विकासात गेली. हातात भाड्याचे पैसे पडले आणि महिन्याभरात घर रिकामे करावे लागले.

आम्ही विचारले, "काका, नवा पत्ता कळवला का?" काका म्हणाले, "निकाल लागला की येईलच की पत्र." पत्र आले होते. ते जुन्या पत्त्यावर गेले. तिथे गल्लीही उरलेली नव्हती. पोस्टमनने शेरा मारला आणि पत्र परत गेले. अपील फेटाळल्याचे काकांना आठ महिन्यांनी कळले. दुसऱ्या अपिलाची सहा महिन्यांची मुदत तोवर उलटून गेली होती.

आपल्या वस्त्यांमध्ये फौजेतली घरे पुष्कळ आहेत. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्याच्याही आधीपासून आपली माणसे पलटणीत होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, हे आपण लेकरांना अभिमानाने सांगतो. पण त्याच फौजेतून गुडघा, पाठ, कान किंवा झोप गमावून आलेल्या माणसाचा हक्क एका परत गेलेल्या पत्रामुळे अडकतो, तेव्हा त्या अभिमानाने गोळ्यांचा खर्च भागत नाही. म्हणून आरोग्याच्या या पानावर आज पत्त्याबद्दल बोलतो आहोत.

हक्क काय आहे

सैन्यसेवेमुळे झालेले किंवा सेवेमुळे वाढलेले अपंगत्व २० टक्के किंवा जास्त असेल, तर अपंगत्व पेन्शन मागता येते. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम, आणि अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. शेवटचा पगार ४०,००० रुपये असेल आणि अपंगत्व ५० टक्के धरले गेले, तर महिन्याला ६,००० रुपये होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितले की भरतीच्या वेळी जवानाच्या कागदावर आजाराची नोंद नसेल तर तो तंदुरुस्तच होता असे धरायचे, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर टाकायची नाही. २०१४ च्या राम अवतार निकालाने पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याचा फायदा मिळाला. म्हणजे ३० टक्के असेल तर ५० धरायचे. पुढे २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले. तुमच्या निवृत्तीच्या तारखेला कोणते नियम लागतात ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्या.

नकार आला म्हणजे सगळे संपले असे नाही. पहिले अपील, मग दुसरे अपील, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे. पण प्रत्येक पायरीला मुदत आहे आणि ती मुदत पत्राच्या तारखेभोवती फिरते. पत्र हातात पडलेच नाही तर तुम्ही भांडणार कसे?

पत्ता कुठे कुठे कळवायचा

घर बदलायचे ठरले की सामान बांधण्याआधी ही कामे करा.

सगळ्यात आधी आपल्या रेजिमेंटचे किंवा कोअरचे अभिलेख कार्यालय, ज्याला आपण रेकॉर्ड ऑफिस म्हणतो. महार रेजिमेंटचे सागरला आहे, मराठा लाईट इन्फन्ट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला. साध्या कागदावर अर्ज लिहा. त्यात सैन्य क्रमांक, हुद्दा, नाव, पीपीओ क्रमांक, अपील कधी केले ती तारीख, जुना पत्ता, नवा पत्ता आणि मोबाईल नंबर घाला. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. फोनवर सांगितलेले कुणी लिहून घेतलेच असेल याचा भरवसा नाही.

दुसरे, पेन्शन सुरू असेल तर 'स्पर्श' प्रणालीत पत्ता आणि मोबाईल बदला. स्वतःला जमत नसेल तर सीएससी केंद्रात करून मिळते. जुना मोबाईल नंबर बंद पडला असेल तर तो आधी बदला, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो.

तिसरे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. जिल्हा बदलत असेल तर नोंदणीही नव्या जिल्ह्यात बदलून घ्या.

चौथे, जुन्या भागाचे पोस्ट ऑफिस. आमची पत्रे नव्या पत्त्यावर वळवावीत असा लेखी अर्ज द्या. जुन्या पोस्टमनला आणि मागे राहिलेल्या शेजाऱ्यालाही नंबर देऊन ठेवा.

पाचवे, वकील नेमला असेल तर त्यांना कळवा, आणि आधारवरचा पत्ताही बदला. संक्रमण शिबिराचे वाटपपत्र किंवा भाडेकरार यांच्या चार झेरॉक्स काढून ठेवा.

फाईल आणि गोळ्या हातात

डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचे कागद, अपिलाची प्रत आणि पोचपावत्या एका पिशवीत घाला. ती पिशवी टेम्पोत भांड्यांच्या पोत्याखाली जाता कामा नये. घरातल्या एका माणसाने ती खांद्याला लावूनच नव्या घरात पाऊल ठेवायचे. त्याआधी सगळ्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढून मुलीच्या किंवा भावाच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. बोर्डाचे कागद जवळ नसतील तर रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. माहिती अधिकारातही अर्ज करता येतो. त्याची फी १० रुपये असते आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

त्याच पिशवीत आत्ताचे केसपेपर आणि रिपोर्टही ठेवा. सेवेतले कागद दुखणे कुठून आले ते सांगतात. आजचे कागद ते दुखणे आज किती आहे ते सांगतात. पुढे पुन्हा मेडिकल बोर्डासमोर जावे लागले तर दोन्ही लागतील. औषध आणि तपासणी मध्येच तुटली तर तब्येत बिघडते, शिवाय कागदातही खंड पडतो.

गोळ्या निदान महिनाभराच्या घेऊनच निघा. ईसीएचएसचे कार्ड असेल तर नव्या घराजवळचे पॉलिक्लिनिक लावून घेण्यासाठी अर्ज करा. रक्तदाबाच्या, फिटच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या एकदम बंद करणे धोक्याचे आहे. इन्सुलिन टेम्पोच्या टपावर उन्हात ठेवू नका, सावलीत आणि गार जागेत न्या. पाठ किंवा गुडघा दुखावलेल्या माणसाने कपाट उचलायचे नाही. "फौजी आहे मी" म्हणत काका उचलायला जातील, त्यांना यादी तपासायच्या कामाला बसवा.

घर मोडताना झोप उडते, चिडचिड वाढते, काही जण दारूकडे वळतात. निकालाची वाट पाहणाऱ्याला हे दुप्पट जड जाते. त्याला कमजोर म्हणू नका. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

फाईल काकूंनाही माहीत हवी

आम्ही घरोघरी पाहतो, की फौजेचे कागद काकाच हाताळतात. उद्या त्यांना काही झाले तर काकूंना फाईल कुठे आहे तेही ठाऊक नसते. कागदोपत्री पत्नीचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, आधारशी जुळते का, हे आजच पाहा. कौटुंबिक पेन्शन त्यावरच अडते.

आमच्या काकांचे काय झाले? आम्ही त्यांच्यासोबत बसून दुसरे अपील लिहिले. उशीर माफ करावा अशी विनंती घातली आणि घर रिकामे करण्याची नोटीस व संक्रमण शिबिराचे पत्र पुरावा म्हणून जोडले. निकाल अजून यायचा आहे. पण रक्तदाब आता १३८ वर ८६ आहे, आणि पॉलिक्लिनिक बसने वीस मिनिटांवर.

परवा काकू म्हणाल्या, "सिस्टर, भाडेकरार संपतोय, पुन्हा घर बदलावं लागणार." आम्ही काही बोलायच्या आत त्यांनीच पिशवीतून अर्ज काढून दाखवला. नवा पत्ता लिहिण्यापुरती जागा तेवढी कोरी होती.

तुमच्या गल्लीत असे एखादे फौजी घर असेल, तर हे पान त्यांना वाचून दाखवा. जयभीम!