जपानी चित्र भिंतीवर लावताय? आधी उजेडाचा हिशोब करा

गेल्या महिन्यात मावशीकडे एका जुन्या फ्रेमची काच बदलायची होती. काका नोकरीनिमित्त टोक्योत होते तेव्हा त्यांनी घेतलेलं, मेइजी काळातलं एका नटाचं वुडब्लॉक प्रिंट. हॉलमध्ये, बाल्कनीसमोरच्या भिंतीवर बारा वर्षं लटकत होतं. चित्र बाहेर काढलं आणि मावशी म्हणाली, "अगं, हा कडेचा जांभळा पट्टा कुणी रंगवला?"

कुणीच नाही. कडेच्या पुठ्ठ्याखाली झाकलेला तेवढा भाग मूळ रंगाचा राहिला होता. नटाचा किमोनो जांभळाच होता. आपण सगळे बारा वर्षं त्याला राखाडी समजत होतो.

माझं पीएचडीचं काम रंगद्रव्यं आणि प्रकाश यांच्यावरच चालतं, त्यामुळे मी तिथेच व्याख्यान सुरू केलं. ते इथे जरा नीट मांडते.

उजेडाने रंग उडतो म्हणजे काय, हे मराठी घरात वेगळं शिकवावं लागत नाही. शर्टावरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की जातो. हळदीतलं कर्क्युमिन प्रकाश शोषतं, रेणू उत्तेजित होतो आणि ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन तुटतो. तुटलेल्या तुकड्यांना तो पिवळा रंग नसतो. गंमत म्हणजे जपानी प्रिंट्समध्ये हळदही वापरलेली सापडते!

1765च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या काळात बहुरंगी छपाई रूढ झाली. प्रत्येक रंगासाठी चेरीच्या लाकडाचा वेगळा ठोकळा कोरायचा, त्यावर ब्रशने रंग आणि भाताची खळ लावायची, वर हाताने बनवलेला कागद ठेवायचा आणि 'बारेन' नावाच्या चपट्या गोल साधनाने मागून घासायचं. रंगाचा थर इतका पातळ की तो कागदाच्या तंतूंतच मुरतो. दिसायला सुंदर, पण प्रकाशापासून आडोसा असा काहीच नाही.

त्यात रंगही नाजूक. लाल बऱ्याचदा करडईच्या पाकळ्यांचा (हो, आपल्या सोलापूरकडची तेलाची करडई, तीच). निळा एका रानफुलाचा, जे पावसाळ्यात आपल्या शेतात माजणाऱ्या केन्याचं भावंड आहे. हा निळा पाण्याने इतका सहज जातो की किमोनो रंगवणारे कारागीर त्याने कच्ची रेघ काढतात आणि नंतर धुऊन टाकतात. हारुनोबूच्या काही चित्रांत आज मातकट दिसणारं पाणी मुळात निळं होतं. जुन्या प्रिंट्सचा तो 'शांत, विटका' बाज आपल्याला आवडतो, तो पुष्कळदा चित्रकाराचा नसून उजेडाचा असतो.

1830च्या आसपास बर्लिनमध्ये शोध लागलेला प्रशियन ब्लू जपानी प्रिंट्समध्ये सर्रास आला. होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेत तोच आहे. तो बराच दणकट. पुढे 1860च्या दशकात अ‍ॅनिलिन रंग आले, भडक आणि स्वस्त. त्यातले काही जांभळे मात्र उजेडात टिकत नाहीत. मावशीच्या नटाचं बहुतेक हेच झालं.

हे सगळं तपासायचं कसं? एक मार्ग बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. स्पॉल्डिंग बंधूंनी 1921मध्ये सहा हजारांहून जास्त प्रिंट्स तिथे दिली, अट एकच: ती कधीही प्रदर्शनात लावायची नाहीत. त्यामुळे मूळ रंग कसे होते ते तिथे कळतं. (कुणी न बघता जपलेलं चित्र चांगलं की बघून झिजलेलं, यावर माझं मत दर आठवड्याला बदलतं.) दुसरा मार्ग म्हणजे मायक्रोफेडिंग: अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान ठिपक्यावर तीव्र प्रकाश टाकायचा, काही मिनिटं रंगातला बदल मोजायचा आणि बदल डोळ्यांना दिसण्याआधी थांबायचं.

घरासाठी महत्त्वाची गोष्ट एकच. नुकसान ठरतं ते एकूण डोसवर, म्हणजे लक्स गुणिले तास. संग्रहालयं अशा चित्रांवर साधारण 50 लक्स ठेवतात. आठ तासांचे झाले 400 लक्स-तास. खिडकीशेजारच्या भिंतीवर दिवसा 1000 लक्स सहज असतात, म्हणजे तेवढ्याच वेळात 8000. संग्रहालयाने वीस दिवसांत खर्च केलं असतं ते आपण एका दिवसात उडवतो. आणि रात्री पडदा लावला म्हणून रंग परत येत नाही.

"पण आम्ही यूव्ही काच लावलीये" असं हमखास ऐकायला मिळतं. लावाच, पण नाजूक रंग दृश्य प्रकाशानेही उडतात. एलईडीलाही हेच लागू. खरा उपाय कंटाळवाणा आहे: आतल्या पॅसेजची भिंत, आणि तीन महिने लावून मग नऊ महिने कपाटात. जपानी घरांतही तोकोनोमातलं चित्र ऋतूनुसार बदलतात. प्रिंट्स तर बहुतेक हातात धरून बघायची वस्तू होती. खांबावर लावायची अरुंद उभी प्रिंट्स असत, ती आज थोडीच उरलीत, आणि उरलेली बरीचशी धुरकटलेली आहेत.

पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावूच नका. मागे प्लायवूड नको, त्यातल्या आम्लाने कागद तपकिरी पडतो. सेलोटेप तर अजिबात नको. फ्रेमवाल्याला आम्लरहित पुठ्ठा मागा आणि कडा कापू देऊ नका. रोज डोळ्यांसमोर हवंच असेल तर हाताने छापलेली नवी आवृत्ती घ्या. टोक्योत आजही चेरीच्या ठोकळ्यांवर, त्याच पद्धतीने ती छापतात. फक्त विकणाऱ्याला रंग कुठले वापरलेत ते विचारा.

मावशीने नटाला आता देवघराशेजारच्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये हलवलंय. पुठ्ठा मात्र तिने मुद्दाम थोडा अरुंद करून घेतला, म्हणजे तो जांभळा पट्टा दिसत राहील. मी म्हटलं, मग तोही उडेल. ती म्हणाली, "उडू दे गं हळूहळू, मला बघायचाय."