खाऱ्या वाऱ्यातला स्वस्त फोन

मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत दहा-बारा हजारांचा फोन सर्रास दिसतो. पण खोक्यावर ठळक छापलेले गुण इथे फारसे कामाला येत नाहीत. बारीक अक्षरांतलेच येतात. तेव्हा जरा उलट्या बाजूनं मार्क देऊया.

आयपी ६४ म्हणजे पोहणं नव्हे
पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही. ४ म्हणजे शिंतोडे चालतील, बुडी नाही. आणि महागड्या फोनांचा ६८ सुद्धा गोड्या पाण्यातल्या चाचणीवरच मिळतो. काशीदच्या लाटेनं गाठलंच, तर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं फोन पुसा. खडखडीत वाळेपर्यंत चार्जर लावू नका, नाहीतर खाचेतल्या पिना गंजल्याच म्हणून समजा. तांदळाच्या डब्यातही खुपसू नका, कण आत जातात. खुद्द ॲपलही हेच सांगते.

पापलेट उचललेलं बोट
बोट लागलं की काचेवरचा विद्युतभार बदलतो, त्यावरून फोनला स्पर्श कळतो. पाणीही वीज वाहून नेतं, खारं तर जास्तच. म्हणून ओल्या हातानं यूपीआयचा पिन टाकायला जावं, तर भलताच आकडा उमटतो. स्वस्त असो वा महाग, हा त्रास दोघांनाही. मासळीबाजारात यावर झकास तोडगा आहे: क्यूआरचा पुठ्ठा टोपलीपाशी, पैसे आल्याची वर्दी द्यायला बोलका डबा आणि फोन पिशवीत कोरडा.

होकायंत्र गुल!
मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला आणलं. लोखंड टाळून बांधलेली ती वेधशाळा आजही पृथ्वीचं चुंबकत्व मोजते. त्याच अलिबागेत विकल्या जाणाऱ्या कित्येक स्वस्त फोनांत चुंबकत्व ओळखणारा सेन्सरच नसतो. मग नकाशावर निळा ठिपका बरोबर जागी दिसतो, पण तुमचं तोंड चौलकडे की रेवसकडे, हे चार पावलं चालल्याशिवाय त्याला कळत नाही.

रेंज गेली तरी जागा कळते
जीपीएसला ना सिम लागतं, ना टॉवर. नकाशा आधीच उतरवून ठेवला, तर भर समुद्रातही फोन तुमची जागा दाखवतो. इथे स्वस्त फोनला पैकीच्या पैकी. फक्त वादळाचा इशारा रेंजविना पोचत नाही. त्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेनं २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे यंत्र आणलं. ते उपग्रहाकडून संदेश घेतं आणि ब्लूटूथनं फोनवर पाठवतं.

५जी, पण कोणाचं?
८,४९९ रुपयांपासूनचा रेडमी ए४ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, तेव्हा त्यावर जिओचं ५जी चालायचं, एअरटेलचं नाही. कारण फोनला ५जीची एकच पद्धत येत होती. तेव्हा आपलं सिम कुठलं ते बघूनच ५जीसाठी पैसे मोजा. डोंगर-खाडीच्या मुलखात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा कामाचा, त्याच्या लहरी लांब जातात. २०२२ च्या लिलावात तो एकट्या जिओनं घेतला.

इअरफोनचं भोक
महागड्या फोनांतून ते गेलं, स्वस्तात अजून टिकून आहे. इअरफोनची वायर हाच एफएमचा अँटेना. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा वीज गेली, टॉवर मुके झाले. एफएमला मोबाइलचा टॉवर लागत नाही. आपत्तीच्या वेळी उपयोगी पडतो म्हणून फोनमधला एफएम बंद करू नका, असं केंद्र सरकारनं २०२३ मध्ये कंपन्यांना बजावलं.

आकड्यांचा फुगा
‘४+४ जीबी रॅम’ यातले दुसरे चार स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात आणि खऱ्या रॅमपेक्षा बरेच संथ चालतात. ५० मेगापिक्सेलचा कॅमेराही एरवी चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतो. दिवसाउजेडी तो छानच येतो, रात्री हलत्या लाँचवर मात्र गिचमिड. बाकी ५,००० एमएएचची बॅटरी आणि कमी पिक्सेलचा पडदा ही जोडी दिवसभर आरामात पुरते. दिसायला साधा, पण खायला कमी!

दुकानातच उरका
भर दुपारी फोन दुकानाबाहेर उन्हात धरा, पडदा वाचता येतो का पाहा. होकायंत्राचं ॲप उघडून गोल फिरा. एफएम लावा. घरी रेंज मिळते का, हे मात्र दुकानात येण्याआधीच शेजाऱ्याच्या तशाच फोनात आपलं सिम घालून बघून ठेवा. एवढं जमलं, तर मागे कॅमेरे दोन की तीन, यावर वाद घालायला आयुष्य पडलंय.