स्थानकावरील उघडे दार : परदेशातील स्वयंसेवेकडून काय शिकावे?



परदेशातील धर्मग्रामांशी भागीदारीचे नाते जोडण्यासाठी आपल्यापैकी काहीजण अधूनमधून तिकडे भेटीस जातात. परतल्यावर छायाचित्रे दाखविली जातात, आभार मानले जातात आणि पुष्कळदा विषय तेथेच संपतो. अशा भेटीत नेमके काय पाहावे, हे एका उदाहरणाने स्पष्ट करण्याचा आमचा प्रयत्न आहे. ते उदाहरण आहे जर्मनीतील रेल्वे स्थानकांवर चालणाऱ्या सेवाकार्याचे. तेथे त्याला 'बानहोफ्समिसिऑन' म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत कारखाने वाढले आणि खेड्यांतील तरुण मुली कामाच्या शोधात एकट्याच शहरांत येऊ लागल्या. काम देण्याचे आमिष दाखवून फसविणारे दलाल स्थानकावरच त्यांना गाठत. या मुलींना आधार देण्यासाठी १८९४ साली बर्लिनमध्ये प्रॉटेस्टंट पंथीयांनी हे कार्य आरंभिले. १८९७ साली म्युनिकमध्ये एलन आमान या कॅथॉलिक प्रापंचिक महिलेने त्याची मुहूर्तमेढ रोवली. १९३९ साली नाझी राजवटीने ते बंद पाडले. महायुद्धानंतर ते पुन्हा उभे राहिले. आज सुमारे १०० स्थानकांवर दोन्ही पंथांच्या संस्था हे कार्य चालवितात आणि त्याचा मोठा भार स्वयंसेवक वाहतात.

अशा केंद्रात आम्ही गेलो, तेव्हा भव्य असे काहीच दिसले नाही. एक खोली, काही खुर्च्या, गरम चहा आणि पाव. येणाऱ्याला त्याचा धर्म विचारला जात नाही. आमचा पहिला प्रश्न अर्थातच पैशाविषयी होता. त्याचे उत्तर मिळाले. परंतु स्मरणात राहिला तो भिंतीवरील पाळ्यांचा तक्ता.

त्या तक्त्यात या कार्याचे मर्म आहे. पहिली गोष्ट म्हणजे ठरलेली वेळ. स्वयंसेवक निवृत्त शिक्षक असो वा विद्यार्थी, त्याची पाळी ठरलेली असते आणि सांगितलेल्या वेळी दार उघडे असते. दुसरी गोष्ट प्रशिक्षण. ऐकावे कसे आणि ऐकलेले गुप्त कसे ठेवावे, हे आधी शिकविले जाते. तिसरी गोष्ट मर्यादेचे भान. आजारी माणसाला डॉक्टरांकडे, बेघराला निवाऱ्याकडे पोहोचविले जाते. सर्वच प्रश्न आपण सोडवू, असा आव कोणी आणत नाही.

आता आपल्याकडे पाहू या. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढे भोसरी, चिंचवड, चाकण असा उद्योगांचा पट्टा विस्तारत गेला. मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा, झारखंड येथून तरुण येतात. त्यांत आपल्याच श्रद्धेचे आदिवासी बांधवही असतात. चाकणला रेल्वे स्थानक नाही. पुणे किंवा चिंचवडला उतरून, बॅग खांद्यावर घेऊन बस वा रिक्षाने पुढे जायचे आणि चौघापाचांत एक खोली भाड्याने घ्यायची. कंत्राटी काम सुटले, की तो तरुण कोठे गेला हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हेच कामगार पायी गावाकडे निघाले, तेव्हा आपल्या आसपास कोण राहत होते, हे आपल्यापैकी अनेकांना प्रथमच कळले.

आपल्याकडे सेवाभाव नाही, असे नव्हे. पॅरिसमध्ये १८३३ साली सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आपल्या धर्मग्रामांतही गृहभेटी देतात. परंतु आपले बहुतेक उपक्रम रविवारचे असतात आणि या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी असते गुरुवारी! आपले दार उघडे असते तेव्हा तो कामावर असतो आणि तो मोकळा असतो तेव्हा आपल्या दाराला कुलूप असते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गुरुवारी सायंकाळी दोन तास एक खोली उघडी असावी. दोन प्रशिक्षित स्वयंसेवक, चहा, आणि रुग्णालय, कामगार कार्यालय व वकील यांचे दूरध्वनी क्रमांक, एवढे पुरे. परक्याचे स्वागत करण्याची आज्ञा प्रभूने आपणास दिलेलीच आहे. परदेशातून आणायचा आहे तो फक्त पाळ्यांचा तक्ता. त्यात पहिले नाव कोणाचे लिहावे, हे वाचकांनीच आपापल्या धर्मग्रामात ठरवावे.