वीज आणि ऊब देणारी भिंत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात कॉन्कॉर्डिया विद्यापीठाच्या जॉन मॉल्सन व्यवस्थापन शाखेची इमारत २००९मध्ये उभी राहिली. तिच्या माथ्याजवळची सुमारे २८८ चौरस मीटर भिंत सौर पॅनेलांनी वीज बनवते आणि आत येणारी हवाही तापवते. अशा भिंतींबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज: पॅनेल जितकं तापेल, तितकी वीज जास्त.
वस्तुस्थिती: वीज प्रकाशापासून बनते, उष्णतेपासून नाही. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला सिलिकॉन पॅनेलची वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. पॅनेल ६५ अंशांवर गेलं की १२ ते १६ टक्के वीज हातची जाते. त्यामुळे मागची उष्णता काढून घेतली, तर वीजनिर्मितीला मदतच होते.

गैरसमज: ही उष्णता किरकोळ असते.
वस्तुस्थिती: उन्हाचा साधारण पाचवा हिस्साच विजेत बदलतो; थोडा परावर्तित होतो, बाकीच्याची उष्णता होते. मॉन्ट्रियलमध्ये पॅनेलांमागे बारीक छिद्रांचा गडद पत्रा आहे. पंखे बाहेरची गार हवा पॅनेलांमागून, या छिद्रांतून आत ओढतात. वाटेत तापलेली हवा इमारतीत खेळवली जाते. भर उन्हात ही भिंत सुमारे २५ किलोवॉट वीज देते आणि उष्णता ७५ किलोवॉटपर्यंत.

गैरसमज: उभ्या भिंतीवर ऊन कितीसं पडणार?
वस्तुस्थिती: वर्षभराच्या हिशेबात उतरतं छप्परच सरस. पण ऊब लागते हिवाळ्यात. डिसेंबरअखेर मॉन्ट्रियलमध्ये दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर येतो आणि दक्षिणेकडच्या भिंतीला ऊन जवळजवळ समोरून मिळतं. उभ्या पॅनेलांवर बर्फही साचत नाही.

गैरसमज: मग हीटरची गरजच संपते.
वस्तुस्थिती: रात्री आणि ढगाळ दिवशी हीटर लागतोच. भिंत फक्त ताज्या हवेचा गारठा आधी कमी करते, म्हणून इंधन वाचतं.

गैरसमज: मुंबईतही हीच भिंत तशीच उभारावी.
वस्तुस्थिती: मुंबईला गरम हवा नकोच आहे. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या भिंतीला ऊन कमी मिळतं. इथे आधी गच्ची वापरावी. उष्णता काढायचीच असेल, तर ती रुग्णालय, वसतिगृह अशा रोज गरम पाणी लागणाऱ्या ठिकाणी पाण्यासाठी वळवावी. अशी यंत्रणा घेताना किलोवॉट विचारण्याआधी एवढं ठरवावं: ही ऊब कोण, कधी आणि कशासाठी वापरणार?