दुहेरी श्रेयांक अभ्यासक्रम

दुहेरी श्रेयांक अभ्यासक्रम : माध्यमिक शाळेत शिकत असतानाच विद्यार्थ्यास शाळेचे व महाविद्यालयाचे श्रेयांक एकाच वेळी मिळवून देणारा अभ्यासक्रम. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही पद्धत विशेष रूढ आहे. शाळेचे अखेरचे वर्ष सत्कारणी लागावे व पुढील शिक्षणाचा काल आणि खर्च कमी व्हावा, हे तिचे मुख्य हेतू होत. सिरॅक्यूस विद्यापीठाने १९७२ मध्ये ‘प्रॉजेक्ट अ‍ॅडव्हान्स’ ही योजना आखली. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये कायदा करून शाळेच्या अखेरच्या दोन वर्षांतील विद्यार्थ्यांना राज्याच्या खर्चाने महाविद्यालयीन अभ्यासक्रम घेण्याची मुभा दिली.

‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या जुन्या योजनेत श्रेयांक एका बाह्य परीक्षेतील गुणांवर अवलंबून असतो. दुहेरी श्रेयांकात अशी परीक्षा नसते. वर्गशिक्षकाने केलेले मूल्यमापनच ग्राह्य धरले जाते. साहजिकच शाळेत मिळालेला श्रेयांक महाविद्यालयातील श्रेयांकाच्या तोडीचा आहे, याची हमी देणाऱ्या मानकांची गरज भासली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल अलायन्स ऑफ कन्करंट एन्‍रोलमेंट पार्टनरशिप्स’ या संस्थेने २००२ मध्ये अशी मानके स्वीकारली. शाळेतच शिकविल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांना ती लागू होतात. २०१७ च्या आवृत्तीत त्यांचे भागीदारी, अध्यापक, मूल्यमापन, अभ्यासक्रम, विद्यार्थी व कार्यक्रम-परीक्षण असे सहा विभाग आहेत. त्यांनुसार अभ्यासक्रम महाविद्यालयातीलच असावा लागतो. शिक्षकाची नेमणूक संबंधित विद्याशाखेच्या संमतीने होते, त्यास अध्यापनापूर्वी प्रशिक्षण मिळते आणि विद्यार्थ्यांचे मूल्यमापन महाविद्यालयाच्याच कसोटीने होते.

शिक्षकाची अर्हता हा यातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न होय. ‘हायर लर्निंग कमिशन’ या अधिस्वीकृती-संस्थेने २०१५ मध्ये स्पष्ट केले, की अशा शिक्षकाजवळ विषयातील पदव्युत्तर पदवी किंवा अन्य पदव्युत्तर पदवीसह त्या विषयातील १८ पदव्युत्तर श्रेयांक असावेत. अनेक अनुभवी शिक्षकांची पदव्युत्तर पदवी शिक्षणशास्त्रातील असल्याने लहान ग्रामीण शाळांना ही अट जाचक ठरली. २०२३ मध्ये संस्थेने हे निकष अधिक लवचिक केले. निकष शिथिल केल्यास श्रेयांकाचे मोल घटते आणि ताठर ठेवल्यास दूरच्या शाळांतील विद्यार्थी संधीस मुकतात. शिवाय श्रेयांक मान्य करणे वा न करणे हे सामान्यतः विद्यार्थी पुढे ज्या महाविद्यालयात जातो, त्याच्या हाती असते. म्हणून मानकांवरील विश्वास हाच या पद्धतीचा खरा आधार ठरतो.