धोंडो, धोंडिबा, धोंड्या

(नावांच्या मुळाशी : भाग ९)

गेल्या आठवड्यात 'पांडुरंग' पाहिला. देवाचं नाव मुलाला ठेवून, हाक मारता मारता नामस्मरण साधायचं, ही त्यामागची श्रद्धा. आजचं नाव ठेवणाऱ्यांच्या मनात मात्र भीती होती. त्यांना आपलं मूल कुणाच्या तरी नजरेआड ठेवायचं होतं.

धोंडा म्हणजे दगड. पाठोपाठ दोन-तीन मुलं गेलेल्या घरात पुढचा मुलगा जन्मला की त्याला सुंदर नाव ठेवायची छाती होत नसे. कुणी त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवी, शेजारीण उचलून घेई आणि आई पसाभर धान्य देऊन स्वतःचंच मूल तिच्याकडून विकत घेई. कुणी मुलाचं नाक टोचून त्याला मुलीसारखं सजवी, तो नथू. केरात टाकलेला केरू किंवा केरबा, मागून मिळालेला भिकू, भिकाजी. आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहू नये असा तो दगडू, धोंडू. आमच्या घरात नेण्यासारखं काही नाही, फक्त एक धोंडा आहे, असं मृत्यूला सांगायची ही रीत.

पण दगडच का? केराला आणि भिकेला फक्त कमीपणा आहे, दगडाला टिकाऊपणाही आहे. शिवाय आपल्याकडे बांधावरच्या दगडाला शेंदूर लावला की तो म्हसोबा होतो. मला तर वाटतं, या नावात आईने दोन्ही बाजू धरून ठेवल्या: मृत्यूने पाहिला तर दगड, देवाने पाहिला तर देव.

धोंडूच्या जन्माची दुसरीही एक वाट आहे. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा येतो. २०२३ मध्ये श्रावण असा अधिक आला होता. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे ते याच महिन्यात. त्यात जन्मलेला मुलगाही धोंडू. याच महिन्याला पुरुषोत्तम मास म्हणतात, त्यामुळे काही घरांत तो पुरुषोत्तम होई. एकाच महिन्याची ही दोन नावं, घराप्रमाणे निवडलेली.

इथे एक गल्लत टाळायला हवी. दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज. ते काशीच्या ढुंढिराज गणपतीचं. त्याचा धोंड्याशी संबंध नाही.

हे नाव कोणत्या एका जातीचं नव्हतं. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे इंग्रजी कागदपत्रांत धोंडूपंत आहेत. १८५८ साली कोकणात जन्मलेले धोंडो केशव कर्वे १९६२ पर्यंत, १०४ वर्षं जगले; १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं आणि शंभरीत पोचल्यावर, १९५८ मध्ये, त्यांना भारतरत्न मिळालं. जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीरावांना प्रश्न विचारतो तोही धोंडीबाच.

नाव एकच, पण हाक एक नव्हती. कुणी धोंडोपंत झाला, कुणी धोंडिबा, आणि गावकुसाबाहेरचा म्हातारा झाला तरी धोंड्याच राहिला. वरच्या घरांत असं नाव मुलाला वाचवण्यासाठी आपणहून घेतलेलं असे. खालच्या मानलेल्या घरांत त्यावर आणखी एक ओझं होतं, कारण शूद्राचं नाव तिरस्कार वाटावं असं असावं, असं मनुस्मृतीच सांगते. दया पवारांचं मूळ नाव दगडू. १९७८ च्या 'बलुतं'मध्ये शहरातला दया पवार आणि गावाकडचा दगडू समोरासमोर येतात. एका माणसाची दोन नावं एकमेकांशी बोलतात, हे वाचताना मला दरवेळी गलबलून येतं.

आणि मुली? धोंडूबाई, दगडाबाई होत्याच. पण 'नकुशा' हे नाव या रांगेत बसवू नये. धोंडूला वाईट नाव मिळालं ते तो हवा होता म्हणून; नकुशाला मिळालं ते ती नको होती म्हणून. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली. धोंडूसाठी असा समारंभ करावा लागला नाही, त्याचं नाव आपोआप मागे पडलं.

ते का, याचं उत्तर मला फॅशनपेक्षा दवाखान्यात सापडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशात जन्मलेल्या दर हजारांपैकी दोनशेहून जास्त मुलं पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा हा आकडा १६ होता. देवीची लस, गोवराची लस, बाळंतपणाला नर्सबाई, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी. या सगळ्यांनी मिळून आईची ती भीती कमी केली. मग बारशाला आरव, अद्वैत, विहान म्हणायला धीर आला.

धोंडिबा आता भेटतो तो लग्नपत्रिकेत. 'कै.' च्या पुढे, आजोबांच्या जागी. त्याच्याच खाली नवरदेवाचं नाव असतं, छान, लखलखीत, ठेवताना कुणालाही न घाबरता ठेवलेलं.